ताईच्या गाडीचा बाजारभाव

माझ्या मोठ्या बहिणीला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डावा पाय पार गेला, उजव्यात थोडा जीव राहिला. मला कळायला लागल्यापासून मी तिला डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि काखेत कुबडी अशीच बघितली. बाबा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेत, पुढे कॉलेजातही नेत. एवढ्या मोठ्या मुलीला सायकलवर घेऊन जाणारा बाप म्हणून डोंबिवलीत आमच्या गल्लीत सगळे त्यांना ओळखायचे. ठाण्याच्या एका बँकेत ती लागली तेव्हाही लोकलने पोचवायला आणि आणायला तेच. बाबा गेले आणि आता हिला कोण नेणार, हे तेराव्याच्या जेवणावरच कोणीतरी विचारलं. आई मान खाली घालून वाढत राहिली. ताई म्हणाली, "मी गाडी शिकणार आहे."

दुःखात माणूस काहीही बोलतं, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. पण तिने बँकेतून वाहनकर्ज काढलं, एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि ती खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या एका गॅरेजात नेऊन उभी केली. गॅरेज मुंब्र्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. पायांनी चालवायची गाडी हातांनी चालवता येईल अशी करून द्यायची, हे काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "देखेंगे," एवढंच ते म्हणाले.

पुढचे कितीतरी रविवार आमचे त्या गॅरेजात गेले. चाचा ताईला सीटवर बसवायचे, हात लांब करायला सांगायचे आणि बोटं पोचतात तिथे खडूने खूण करायचे. तिच्या उजव्या पायात ॲक्सिलरेटर दाबण्याएवढा जोर होता, ब्रेक दाबण्याएवढा नव्हता. म्हणून ब्रेकला एक लोखंडी दांडा जोडून तो स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला वर आणला. क्लचचा छोटा दांडा गिअरच्या दांड्यावरच बसवला, स्कूटरला असतो तसा, मुठीत दाबायचा. ब्रेकचा पहिला दांडा तिच्या गुडघ्याला लागायचा. तो कापला, पुन्हा वाकवला. मग तो हाताला रुतायचा, म्हणून त्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. चाचांनी लोखंडाचे आणि वेल्डिंगचे तेवढे पैसे घेतले. मजुरीचं विचारलं की म्हणायचे, "पहले चला के दिखा."

आणि तिने चालवून दाखवली. आरटीओत रीतसर नोंद झाली. अपंगांसाठीचं वाहन म्हणून विम्याच्या हप्त्यात सूटही मिळाली. सुरुवातीला मी तिच्या शेजारी बसून जायचे, शिळफाट्यावरून मुंब्रा, मुंब्र्याहून कळवा, कळव्याचा पूल ओलांडून ठाणे. आई सकाळी दारात उभी राहायची ती गाडी वळणाआड होईपर्यंत, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच. मग एक दिवस ताई म्हणाली, "उद्यापासून तू नको येऊस."

त्या गाडीने ती ऑफिसला जायला लागली, हे तर झालंच. पण आपल्याला भटकायला आवडतं हे तिला पस्तिशीत कळलं. आधी कळणार कसं? शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटली की ती रेतीबंदरला खाडीच्या कडेला गाडी थांबवायची. तिथली एक कोळीण टोपली घेऊन खिडकीशी यायची. "बाय, निवट्या हायेत बग ताज्या," म्हणायची आणि ताईला उतरावं लागू नये म्हणून टोपली दाराच्या काचेला टेकवून धरायची. ताई घासाघीस करायची. बाजारात जाऊन भाजी-मासळी घेणं तिने जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे तिला भाव कळत नसे, पण घासाघीस करण्यात तिला केवढी मजा यायची. कधी संध्याकाळी मला घेऊन कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीवर जायची आणि नुसती पाण्याकडे बघत बसायची. ट्रकवाल्यांना शिव्याही द्यायला शिकली. आईसमोर कधी न उच्चारलेले शब्द ती मुंब्र्याच्या वळणावर सहज बोलून जायची आणि मग माझ्याकडे बघून हसायची.

ही तीन-साडेतीन वर्षं. आमच्या घरातली सगळ्यात बरी वर्षं तीच, असं आता वाटतं.

मी तेव्हा कल्याणच्या एका शाळेत शिकवत होते. एके दिवशी दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. ताईच बोलत होती. म्हणाली, "मला काही झालेलं नाही. पण तू ये."

मी पोचले तेव्हा बँकेसमोर गर्दी होती. रेतीने भरलेला एक ट्रक पुलाकडून उतरत आला होता आणि त्याचे ब्रेक लागले नव्हते. कडेला उभी असलेली ताईची गाडी त्याने भिंतीपर्यंत रेटत नेली आणि भिंतीशी चेपून टाकली होती. पुढचा भाग मागच्या सीटपर्यंत आला होता. रेती रस्ताभर सांडली होती. ताई बँकेच्या पायरीवर कुबडी आडवी ठेवून बसली होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला तेच सांगत होता, "नशीब, आत कोणी नव्हतं." प्रत्येकाला ती "हो" म्हणत होती. बँकेतल्या एका बाईंनी तिच्या हातात चहाचा कप दिला होता, तो तसाच थंड झालेला.

आम्ही रिक्षाने घरी आलो. आईने तिचे हात-पाय, तोंड चाचपून बघितलं, देवापुढे साखर ठेवली. मग स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं गं. रोज जीव टांगणीला लागायचा, तो तरी सुटला." स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात आमच्याकडे नुसता पडदा होता. त्यानंतर बरेच दिवस ताई आईशी कामापुरतंच बोलली. आईला कारण कळलं होतं. तिने ते शब्द मागे घेतले नाहीत आणि पुन्हा उच्चारलेही नाहीत.

ट्रकवाल्याचा पत्ता लागला, पण त्याच्याकडून काही मिळायची शक्यता दिसेना. आमची भिस्त आमच्याच विम्यावर होती. गाडी ओढून चाचांच्या गॅरेजात आणली. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, वाकून बघितलं आणि दुरुस्तीच्या पलीकडे आहे, टोटल लॉस, असं सांगितलं. ते आम्हाला दिसतच होतं. काही आठवड्यांनी कंपनीने किती देणार ते कळवलं. पॉलिसीवर जी किंमत लिहिली होती आणि जिच्यावर ताई दर वर्षी हप्ता भरत होती, तिच्या निम्मीसुद्धा ती रक्कम नव्हती.

कंपनीचं ऑफिस ठाण्यातच, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. मी म्हटलं, "तू खाली थांब, मी साहेबांना खाली यायची विनंती करते."

"नको," ताई म्हणाली. "ते माझ्यासाठी खाली आले तर मला त्यांच्याशी भांडता येणार नाही."

ती चढली. एका हाताने कठडा धरून, कुबडी माझ्याकडे देऊन, कॅलिपरचा पाय कमरेतून उचलून प्रत्येक पायरीवर ठेवत. दोन मजले. वर पोचली तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. पाच मिनिटं ती बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि मगच आत गेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवलं, पंखा आमच्याकडे वळवला.

"बाई, तुमच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे," ते म्हणाले.

"सहानुभूतीचं राहू द्या. हा आकडा कसा आला ते सांगा."

"हे बघा, अपघाताच्या दिवशी तुमची गाडी विकायला काढली असती तर बाजारात जे आलं असतं, ती किंमत. पॉलिसीवरचा आकडा म्हणजे वरची मर्यादा झाली."

"बरं. याच वर्षाची, अशीच गाडी खोपटला विकायला उभी आहे. ते याच्या दीडपट सांगतायत. मग माझी कमी का?"

साहेबांनी सर्व्हेअरचा रिपोर्ट उलटसुलट केला. "त्या गाडीला हे दांडे नसतील ना. अशी बदललेली गाडी घेणार कोण, सांगा. चांगला माणूस तर घेणार नाही." इथे ते थांबले. "म्हणजे, धडधाकट माणूस. त्याने घेतलीच तर आधी हे सगळं काढून गाडी मूळ पदावर आणायला खर्च करावा लागेल. तो खर्च सर्व्हेअरने वजा धरलाय."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ज्याच्यामुळे मला ती गाडी चालवता येत होती, त्याचेच पैसे तुम्ही कापलेत."

"बाजाराचा नियम आहे. किंमत म्हणजे गिऱ्हाईक काय देईल ते."

"मी गिऱ्हाईक नाही का?"

"तुम्ही मालक आहात, बाई."

ताईने कागद गोळा केले आणि कुबडी घेतली.  उतरताना ती चढण्यापेक्षा जास्त वेळ घेत होती. मधल्या जिन्यात थांबून म्हणाली, "अगं, बाजारात ती गाडी कमी किमतीची असेलही. त्याचं म्हणणं खोटं नाहीये. पण मग बरोबर काय आहे?"

शेवटी तिने पैसे घेतले, पण रक्कम मान्य नाही असं लिहून देऊन घेतले. ते सगळे कर्जातच गेले, तरी कर्ज फिटलं नाही. मोडलेली गाडी कंपनीच्या ताब्यात द्यायची होती. त्या दिवशी आम्ही गॅरेजात गेलो. ताईने कंपनीच्या माणसाला विचारलं, "ते दोन दांडे मला काढून घेऊ द्याल? तुमच्या हिशेबी त्यांची किंमत शून्याच्याही खाली आहे." तो बिचारा गोंधळला. गाडी आहे तशी उचलायची, एकही भाग काढायचा नाही, असा हुकूम होता. त्याने खाली बघून "सॉरी मॅडम" म्हटलं. ट्रॉलीवर चढवताना दार लोंबकळत होतं, ते दोरीने बांधलं. चाचा तेवढ्या वेळात गॅरेजात आत निघून गेले होते, गाडी गेल्यावरच बाहेर आले.

ग्राहक मंच तेव्हा नवीनच निघाला होता. वकील न देता स्वतःच बाजू मांडता येते, असं ताईला बँकेत कळलं. तिने मराठीत तक्रार लिहिली, मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. मग तारखा सुरू झाल्या. दर तारखेला मी शाळेतून रजा घ्यायची, ताईने बँकेतून, आणि रिक्षा करून ठाण्याला जायचं. कधी कंपनीचे वकील यायचे नाहीत, कधी सदस्य अपुरे असायचे. जायच्या दिवशी आई पहाटे उठून दोघींचा डबा भरून ठेवायची. डब्यात ताईच्या आवडीची वालाची उसळ असायची. 

एकदा कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की अर्जदार बाई नोकरदार आहेत, येण्याजाण्याला रेल्वे, बस, रिक्षा सगळं उपलब्ध आहे, गाडी ही त्यांची सोय होती, गरज नव्हती. मंचावर एक बाई सदस्य होत्या. त्यांनी ताईला विचारलं, "आज इथे कशा आलात?"

"बहिणीबरोबर."

"आणि गाडी होती तेव्हा कशा जायचात?"

"एकटी," ताई म्हणाली.   बाईंनी समोर काहीतरी लिहून घेतलं.

गाडीच्या मूळ किमतीबद्दल मंच आमच्या बाजूने झुकतोय असं वाटत होतं. दांड्यांचं वेगळं होतं. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही म्हणता या कामाची वेगळी किंमत धरा. धरू. पण त्याला खर्च किती आला? बिल कुठे आहे?"

बिल नव्हतं. चाचांनी लोखंडाचे पैसे घेतले होते, त्याची पावती मिळाली असती, पण ते काही फार नव्हते. खरं काम होतं रविवारांचं, आणि रविवारांचे त्यांनी काहीच घेतले नव्हते. आम्ही तिथूनच खोपटला गेलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "मैं अभी बना देता हूँ बिल. कितने का चाहिए बोलो."

"नको चाचा," ताई म्हणाली. "तुम्ही पैसे घेतले नव्हते. खोटं बिल नको."

"झूट किधर है, बेटी? काम किया की नहीं किया?"

"केलंत. पण मी पैसे दिले नाहीत. मला तिथे शपथेवर सांगायचंय."

चाचा पुन्हा हात पुसायला लागले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते म्हणाले, "मेरी ही गलती. ले लेना चाहिए था." ताई म्हणाली, "तसं बोलू नका."  मला त्या वेळी ताईचा राग आला होता. रिक्षात मी तिला म्हटलंही, "एवढं काय बिघडलं असतं?" तिने बाहेर बघत उत्तर दिलं, "त्यांनी मला जे दिलं त्याचा भाव मीच ठरवून मागून घेऊ?"

निकाल लागायला आणखी वर्ष गेलं. या मधल्या काळात ताईने ठाणे सोडलं. तिला तिथेच बढती मिळणार होती. ती नाकारून तिने डोंबिवलीच्या शाखेत बदली मागून घेतली, कारण ती शाखा घरापासून रिक्षाने पाच मिनिटांवर होती. घर ते बँक, बँक ते घर. शनिवारी ती अडीच वाजता घरी असायची आणि अंथरुणावर पडून वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायची. गाडी नसली तरी कर्जाचा हप्ता पगारातून कापला जात होता.

त्याच काळात तिचा उजवा पाय लवकर थकायला लागला. आधी तिने लक्ष दिलं नाही. मग एकदा मोरीत पडली. डॉक्टर म्हणाले, ज्या पायाने इतकी वर्षं दोन्ही पायांचं ओझं वाहिलं तो आता दमलाय, असं पुष्कळदा होतं. औषध नाही, जपायला हवं. उजव्या पायालाही कॅलिपर आलं आणि एका कुबडीच्या दोन झाल्या. आईला हे बघवत नसे. एकदा ती ताईच्या अंथरुणाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "तुझी गाडी असती तर पाय एवढा नसता गं दमला." ताईने तिचा हात हातात घेतला. कितीतरी दिवसांनी घेतला असेल. पायाचं आणि गाडीचं तसं काही नव्हतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

मंचाने निकाल आमच्या बाजूने दिला, म्हणजे अर्धा दिला. गाडीची किंमत वाढवून द्यावी, दांडे काढण्याचा म्हणून वजा केलेला खर्च परत करावा. दांड्यांच्या कामाच्या खर्चाचा मात्र पुरावा नसल्याने तो धरता येत नाही. त्यासाठी वर अपील करता आलं असतं, पण ते मुंबईला. बँकेतले लोक म्हणाले, करा, सोडू नका. ताईने विचारही केला नसावा. "पुरे झालं," म्हणाली. कंपनीनेही अपील केलं नाही. तोवर गाड्यांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या होत्या.

चेक पोस्टाने आला, एका शनिवारी. मी योगायोगाने घरी होते. ताईने पाकीट उघडलं, आकडा बघितला आणि चेक माझ्या हातात दिला. उरलेलं कर्ज त्यातून फिटणार होतं, वर थोडं राहणार होतं, त्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं असतं. पुढे तसंच झालं. आई म्हणाली, "चाचांना पेढे द्यायला हवेत." चाचांनी गॅरेज जावयाला देऊन टाकलं होतं आणि ते मुंब्र्याला घरीच असत, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. पुढच्या आठवड्यात मी जाऊन आले. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि "दूसरी गाडी चलाती है क्या अभी?" असं विचारलं. मी "हो" म्हटलं.

चेक आला त्या दुपारी जेवणं झाल्यावर ताईने दोन्ही कॅलिपर काढली आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसले. उजवी पोटरी आता डावीसारखीच बारीक झाली होती. मी चोळत होते. घोट्यापर्यंत आल्यावर मी म्हटलं, "आपण जिंकलो गं तसं."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाहीतरी आता मला कुठे जायचं असतं?"

मला वाटलं, ती माझ्याकडे वळेल. तिने उशी जरा सारखी केली. आईने मधला पडदा ओढून घेतला, भांडी वाजू नयेत म्हणून एकेक करून खाली ठेवली. मी तेल संपेपर्यंत बसून राहिले.